ना रात्रीचं जेवण, ना सकाळची न्याहारी

श्रोतेहो, नमस्कार.

लॉस एंजेलिसला भाचीकडे गेले होते, तेव्हाची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, जेवण होऊन तीन तास झालेले, आणि ही म्हणते, "मावशी, चल, तुला एक पदार्थ खायला घालते." गेलो. पुढ्यात ताट आलं. पसरट, जाळीदार वॉफल, म्हणजे साच्यात भाजलेली खळ्याखळ्यांची जाडसर पोळी, त्यावर विरघळू लागलेला लोण्याचा गोळा, शेजारी तळलेल्या कोंबडीचे दोन तुकडे आणि छोट्या वाटीत कोमट पाक. मी आधी कोंबडी खाल्ली. मग हात पुसले आणि शेवटचं गोड म्हणून वॉफल पुढे ओढलं. भाचीनं माझा हात धरला. "अगं, असं नाही. दोन्ही एका घासात घे."

तिनं आपल्या ताटातला कोंबडीचा तुकडा मला दिला आणि मी तो घास घेतला. कोंबडीचं आवरण खारट, मिरपुडीचं, दाताखाली कुडकुडणारं. आतलं मांस ताकात मुरलेलं, म्हणून रसरशीत. त्याखाली वॉफल, बाहेरून खरपूस आणि आतून जाळी पडलेल्या घावनासारखं हलकं. वॉफलच्या चौकोनी खळ्यांत पाक साचून राहतो आणि चावल्यावरच सुटतो. खारट, गोड, तुपकट, कुरकुरीत, सगळं एकदम येतं. खारटामुळे गोडाचा मिट्टपणा जातो आणि गोडामुळे तळणीचा जडपणा जाणवत नाही.

आपल्यालाही हे अगदीच परकं नाही. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी आपण का करतो? आणि मालवणात कोंबडीबरोबर तळलेले वडे असतातच. मात्र कोंबडीवर गोड पाक ओतायचा, हे आपल्या ताटात कधी आलं नाही. मला ते पहिल्या घासात पटलं नाही, तिसऱ्या घासात पटलं.

या ताटाची खरी ओढ मला कळली ती त्याच्या वेळेमुळे. १९३८ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जोसेफ वेल्स यांनी एक खाणावळ काढली. पुढे ती वेल्स सपर क्लब म्हणून नावारूपाला आली. हार्लेम म्हणजे तेव्हा कृष्णवर्णीय अमेरिकनांची वस्ती आणि जॅझ संगीताचं माहेरघर. रात्रभर क्लबांमध्ये वाजवून, गाऊन, नाचून कलावंत बाहेर पडायचे ते मध्यरात्र उलटल्यावर. रात्रीच्या जेवणाची वेळ केव्हाच टळलेली, न्याहारीला अजून अवकाश. त्यांच्यासाठी वेल्सकडे तळलेली कोंबडी आणि वॉफल एकाच ताटात मिळायचं. कोंबडी रात्रीच्या जेवणातली, वॉफल सकाळच्या न्याहारीतलं. रंगभूमीवरच्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही. रात्रीचा प्रयोग असला की आधी घास उतरत नाही. मेकअप उतरवला की जी भूक लागते, ती वेगळीच असते. त्या वेळी कुणी गरम ताट पुढे ठेवलं, तर ती जागा माणूस जन्मभर विसरत नाही.

ही जोडी वेल्स यांनीच शोधली, असं मात्र नाही. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या शेतकरी घरांत एकोणिसाव्या शतकापासून वॉफलवर कोंबडी वाढत आले आहेत. पण ती शिजवलेली कोंबडी, वर दाट रस्सा, पाकाचा संबंध नाही. चांगलंच लागत असणार, पण ती जातकुळी निराळी.

तळलेली कोंबडी आली ती अमेरिकेच्या दक्षिणेतून, आणि तिच्यामागे मोठं दुःख आहे. गुलामगिरीच्या काळात कित्येक ठिकाणी गुलामांना स्वतःची म्हणून पाळता येत असे ती कोंबडीच. गाय-डुक्कर मालकाचं. मालकाच्या स्वयंपाकघरात बिडाच्या कढईत कोंबडी तळणारे हातही बहुधा त्यांचेच. घरी मात्र रोज मक्याचं पीठ असायचं. गव्हाच्या पिठाचं वॉफल म्हणजे सणावारची चैन. यादवी युद्धानंतर व्हर्जिनियातल्या गॉर्डन्सव्हिल स्टेशनावर गाडी थांबली की कृष्णवर्णीय बायका तळलेल्या कोंबडीची मोठाली ताटं डोक्यावर घेऊन यायच्या आणि डब्याच्या खिडकीतून प्रवाशांना विकायच्या. त्या कमाईवर काहींनी स्वतःची घरं उभी केली. आपल्या एखाद्या जंक्शनवर टोपली घेऊन धावणाऱ्या बाया आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल.

पुढे १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. वर्णभेदामुळे वाटेत कुठे जेवायला मिळेल याची खात्री नसे, म्हणून शिदोरीत तळलेली कोंबडी घेत. गार झाली तरी ती छान लागते आणि प्रवासात टिकते. याच कोंबडीवरून गोऱ्या समाजानं वर्षानुवर्षं त्यांची हीन टिंगल केली. म्हणून त्याच माणसांनी तिला हार्लेममध्ये पांढऱ्या ताटात, लोणी-पाकासह, मानानं वाढलं, याचं मला फार मोल वाटतं.

हार्लेमहून हे ताट देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. हर्ब हडसन हे हार्लेमचेच. त्यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये रॉस्कोज नावाचं हॉटेल काढलं, खास कोंबडी आणि वॉफलचं. ते गाजलं, त्याच्या शाखा निघाल्या. २०११ साली राष्ट्राध्यक्ष असताना बराक ओबामाही तिथं थांबून गेले.

आता स्वयंपाकघराचं थोडं. हा पदार्थ हॉटेलातच का खावा? परत आल्यावर मी घरी करून पाहिला. हाडासकट तुकडा आतपर्यंत शिजायला पाव तास तरी लागतो, तेलाची आच सतत सांभाळावी लागते. वॉफल साच्यात चार-पाच मिनिटांत होतं, पण बाहेर काढलं की आतली वाफ बाहेरच्या पापुद्र्यात शिरते आणि ते मऊ पडू लागतं. घरी चार माणसांना वाढायचं तर एकीकडे तेल, एकीकडे साचा, आणि शेवटचं वॉफल होईपर्यंत पहिलं लोळागोळा. हॉटेलात एक माणूस तळणीवर आणि एक साच्यावर असतो, म्हणून दोन्ही एकाच क्षणी ताटात येतात.

काही हॉटेलांत हल्ली बिनहाडाच्या छातीचा तुकडा वॉफलवर रचून, वर काडी खोचून देतात. मला ते मान्य नाही. गरम कोंबडीच्या वाफेनं खालचं वॉफल भिजतं आणि हाडाजवळच्या मांसाची चवही जाते. तुकडे शेजारी असावेत, घास आपला आपण जमवावा. पाक मेपलचाच आहे ना, हेही विचारून घ्या. मेपलच्या झाडाचा सुमारे ४० लिटर रस आटवला, की एक लिटर पाक होतो. आपल्याकडे काहिलीत उसाचा रस आटवतात तसंच ते काम, म्हणून तो महाग. बऱ्याच ठिकाणी साखरेचा साधा पाक देतात, तो नुसता गोड असतो.

त्या रात्री आमच्या शेजारच्या टेबलावर रुग्णालयाच्या निळ्या गणवेशातल्या दोघीजणी बसल्या होत्या. कामाची पाळी संपवून आल्या असाव्यात. पाय ताणून, न बोलता, मन लावून खात होत्या. त्यातल्या एकीनं पाकात लाल मिरचीचा सॉस शिंपडला आणि कोंबडीचा तुकडा त्यात बुडवला. मीही तसंच केलं. वॉफल अजून गरम होतं, आणि बाहेर, रात्री बारा वाजता, आत येणाऱ्यांची रांग लागलेली होती.