होमस्टेडची बारा धुरांडी

नमस्कार मंडळी. मसालेभाताचा वास इथपर्यंत यायला लागलाय, तेव्हा फार वेळ घेत नाही.

पिट्सबर्गला पाहुणे आले की आपण त्यांना वॉटरफ्रंटला खरेदीला नेतो. तिथली विटांची बारा धुरांडी गाडी कुठे लावली ते आठवायला बरी पडतात. ती आहेत होमस्टेडच्या पोलाद कारखान्याची, म्हणजे एकेकाळच्या अँड्र्यू कार्नेगीच्या साम्राज्याची.

यंत्रमाग आले आणि स्कॉटलंडमधल्या त्याच्या वडिलांचा हातमाग बसला. १८४८मध्ये कुटुंब इथे आलं. बारा-तेरा वर्षांचा अँड्र्यू सूतगिरणीत लागला, आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर. १९०१मध्ये त्यानेच आपली कंपनी बँकर जे. पी. मॉर्गनला ४८ कोटी डॉलरना विकली.

मधलं १८९२ साल मात्र गौरवग्रंथांत घाईघाईने उरकतात. होमस्टेडमध्ये मजुरी कापायची आणि युनियन मोडायची, असं ठरलं होतं. कार्नेगी स्कॉटलंडला जाऊन बसला आणि वाईटपणा कंपनीचा कारभार पाहणाऱ्या हेन्री फ्रिकच्या वाट्याला आला. ६ जुलैच्या पहाटे मोनोंगहेला नदीतून दोन पडावांत भरून पिंकर्टन या खासगी सुरक्षा एजन्सीचे, कंपनीने बोलावलेले तीनशे हत्यारबंद लोक आले. दिवसभर गोळीबार चालला, दोन्हीकडची माणसं मेली. त्या दिवशी कामगार जिंकले. मग राज्याची फौज उतरली आणि नोव्हेंबरपर्यंत कामगारांचा संप मोडला.

सहा वर्षांनी त्याच गावाला कार्नेगीने वाचनालय दिलं. पोहण्याचा तलाव, संगीत सभागृह, सगळं. पण पाळी बारा तासांची, आणि पाळी बदलताना सलग चोवीस तास! घरी येऊन पुस्तक कोण उघडणार? मी स्वतः कार्नेगीच्या वाचनालयांत वाढवलेल्या मुलांचा बाप आहे, तरी हा प्रश्न सुटत नाही.

आता आपल्या मुंबईकडचा धागा. १९०२मध्ये जमशेटजी टाटा पोलादासाठी अमेरिकेत आले, तेव्हा पिट्सबर्गला ज्युलियन केनेडी या अभियंत्याला भेटले. हा केनेडी कार्नेगीच्याच कारखान्यांत तयार झालेला. जमशेटजी १९०४मध्ये गेले, मुलांनी १९०७मध्ये मुंबईत कंपनी काढली आणि १९१२मध्ये कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. कार्नेगीची कंपनी ज्यात विलीन झाली, त्या यू. एस. स्टीलने बारा तासांची पाळी सोडायला १९२३ उजाडलं. अर्थात फार छाती फुगवू नका. संप १९२०मध्ये जमशेदपुरातही झालाच.

पुढच्या वेळी खरेदीच्या पिशव्या गाडीत टाकल्यात की नदीकाठच्या जुन्या पंप हाऊसपर्यंत चालत जा. ते पडाव तिथेच काठाला लागले होते.