महामार्गावर मोजायचे काय?

श्रोतेहो, नमस्कार. शहराच्या मधून जाणारा महामार्ग सकाळ-संध्याकाळ तुंबू लागला की पहिली मागणी ठरलेली असते: रस्ता रुंद करा, आणि जागा नसेल तर वरून उड्डाणपूल न्या. या मागणीच्या मुळाशी चुकीचे मोजमाप आहे, असे मला वाटते. आपण रस्त्यावरून किती गाड्या गेल्या हे मोजतो; किती माणसे पोहोचली, हे मोजत नाही.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच लिहून ठेवले होते की गर्दीच्या वेळी मोकळा झालेला द्रुतगती मार्ग फार दिवस मोकळा राहत नाही, कारण आधी जे लोक दुसऱ्या रस्त्याने, दुसऱ्या वेळी किंवा दुसऱ्या साधनाने जात होते, ते सगळे तिकडे वळतात. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत इतका रुंद झाला की सेवा रस्ते धरून काही ठिकाणी त्याच्या मार्गिका वीसच्या पुढे गेल्या. तरीही काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

आता थोडा हिशेब करू. एका मार्गिकेतून तासाला साधारण २,००० मोटारी जाऊ शकतात. प्रत्येकीत सरासरी दीड माणूस धरला, आणि हा अंदाज उदारच आहे, तर ३,००० माणसे होतात. तीच मार्गिका बससाठी राखून मिनिटाला दोन बस सोडल्या आणि प्रत्येकीत ६० प्रवासी धरले, तर तासाला ७,२०० माणसे जातात आणि मार्गिका बहुतांश वेळ रिकामीच दिसते. तिचे हे रिकामेपण शेजारी अडकलेल्या मोटारचालकाला खुपते, आणि अनेक बसमार्गिका याच खुपण्यापायी मोडल्या जातात. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटामध्ये, २००० साली सुरू झालेली ट्रान्समिलेनिओ ही बससेवा गर्दीच्या वेळी एका दिशेने तासाला ४०,००० च्या वर प्रवासी नेते. मात्र तिच्या मुख्य मार्गावर बसला बस ओलांडून जाता यावी म्हणून दोन-दोन मार्गिका आहेत, आणि तिकीट चढण्यापूर्वीच तपासले जाते. नुसता रंगाचा पट्टा मारून तो आकडा मिळत नाही.

मोजमाप बदलले की सर्वेक्षणातले प्रश्नही बदलतात. वाहन कुठून निघाले, कुठे चालले आणि त्याला याच रस्त्यावर का यावे लागले, हे विचारावे लागते. गावाबाहेरून गावाबाहेर जाणारा ट्रक आणि दोन चौकांपलीकडच्या शाळेत मुलाला सोडणारा पालक एकाच रांगेत उभे असतात, पण त्यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत. ट्रकला वळणरस्ता किंवा ठरावीक वेळ देता येते. पालकाला हवा असतो महामार्गाला समांतर, मध्येच न तुटणारा आतला रस्ता आणि चालता येईल असा पदपथ. सायकलचा मार्गही शक्यतो याच आतल्या रस्त्यावरून न्यावा.

पायी चालणाऱ्याचा विचार आराखड्यात बहुधा शेवटी येतो. थांबे रस्त्याच्या कडेला असले, तर बसने जाऊन बसनेच परतणाऱ्याला दिवसातून एकदा तरी महामार्ग पायी ओलांडावाच लागतो, कारण परतीचा थांबा पलीकडच्या बाजूला असतो. तेथे जिना चढायला लावणारा पादचारी पूल उभारला, तर वृद्ध आणि सामान वाहणारी माणसे खालूनच जीव मुठीत धरून जातात. त्यापेक्षा सिग्नल, मध्ये थांबण्यापुरता रुंद दुभाजक आणि थांब्याजवळच ओलांडण्याची जागा हा उपाय स्वस्त आहे. बसची प्रवासीसंख्या वाढवण्यात त्याचा वाटा किती, हे कोणी फारसे मोजत नाही.

उड्डाणपुलाबद्दल एवढेच म्हणेन की कोंडी जेथे दिसते, तेथे ती तयार झालेली असतेच असे नाही. पुढचा चौक तेवढ्याच गाड्या सोडणार असेल, तर पूल रांगेला फक्त पुढे नेऊन सोडतो.

शेवटचा मुद्दा क्रमाचा. स्टॉकहोममध्ये जानेवारी २००६ मध्ये शहराच्या मध्यभागी येणाऱ्या वाहनांवर प्रायोगिक शुल्क लावले गेले आणि शुल्कसीमा ओलांडणारी वाहतूक सुमारे एक पंचमांशाने घटली. पण त्याआधीच, ऑगस्ट २००५ पासून, जादा बस धावू लागल्या होत्या. आपल्या आराखड्यांत बहुधा उलटे होते: आधी खोदकाम, मग पूल, आणि बस, थांबे, पदपथ अखेरच्या टप्प्यात. पैसे अपुरे पडले की नेमका तोच टप्पा गळतो. म्हणून आराखडा समोर आला की नकाशाआधी त्याचे वेळापत्रक उघडावे आणि पहिल्या वर्षाच्या कामांत पदपथ व जादा बस आहेत का, ते पाहावे.