लिपिकाच्या टेबलावरचा दुसरा गठ्ठा

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत सकाळी पावणेदहाला हजेरीची नोंद होते आणि पर्यवेक्षणाचा सर्वांत सोपा भाग तिथेच संपतो. कर्मचारी वेळेवर आला की नाही हे आता यंत्रही सांगते; त्याच्या टेबलावर आलेला कागद पुढे सरकला की नाही, हे मात्र कोणीतरी स्वतः जाऊन पाहावे लागते. हे पाहण्याची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांचे पदनाम कार्यालयागणिक बदलते. मंत्रालयात ते कक्ष अधिकारी असतात, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकलनात, म्हणजे शाखेत, नायब तहसीलदार आणि सहायक महसूल अधिकारी (पूर्वीचे अव्वल कारकून), तर अन्यत्र मुख्य लिपिक किंवा कार्यालय अधीक्षक. महसूल विभागातल्या लिपिकाला आता महसूल सहायक म्हणतात. लोकांच्या तोंडी अजून ‘क्लार्क’च आहे.

आलेले टपाल आवक नोंदवहीत चढते, पर्यवेक्षक ते वाचून संबंधित टेबलाला लावून देतात, आणि लिपिक त्याची नोंद आपल्या कार्यविवरण नोंदवहीत, म्हणजे स्वतःकडच्या कामाच्या वहीत, घेतो. पुढे टिप्पणी (प्रकरणाची वरिष्ठांपुढे ठेवायची लेखी मांडणी), मंजुरी, पत्राचे प्रारूप आणि शेवटी जावक क्रमांक. आठवड्याच्या गोषवाऱ्यात मागील शिल्लक किती, नवीन आले किती, निकाली निघाले किती आणि उरले किती, हे लिहून लिपिक तो पर्यवेक्षकांपुढे ठेवतो. बहुतेक ठिकाणी पर्यवेक्षण म्हणजे या गोषवाऱ्यावर सही करणे, एवढाच अर्थ उरलेला आहे आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

कागद हाताळण्यासाठी राज्यात सहा गठ्ठा पद्धत रूढ आहे. पहिल्या गठ्ठ्यात ज्यांवर कार्यवाही करायची आहे ती प्रकरणे, दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, तिसऱ्यात नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), चौथ्यात स्थायी आदेशांच्या संचिका, पाचव्यात अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि सहाव्यात मुदत संपल्याने नष्ट करायचे कागद. यांतले शेवटचे दोन गठ्ठे वर्गवारीवर चालतात: ‘अ’ वर्गाचा कागद कायम जपायचा, ‘ब’ वर्गाचा तीस वर्षे, ‘क’ वर्गाचा त्याहून कमी, आणि ‘ड’ वर्गाचा वर्षभराने नष्ट करायचा. वर्गवारीचे काम कंटाळवाणे असल्याने ते टाळले जाते, आणि मग कपाटांच्या माथ्यावर दिसणारी ती बासने तयार होतात.

अनुभवी पर्यवेक्षक तपासणीला बसले की आधी दुसरा गठ्ठा मागवतात. ज्या प्रकरणात दुसऱ्या कार्यालयाकडून माहिती किंवा अभिप्राय यायचा आहे, ते प्रकरण प्रतीक्षाधीन ठरते. ते तसे ठरले की गोषवाऱ्यातील कार्यवाहीयोग्य कागदांची संख्या कमी होते, लिपिकाचे टेबल मोकळे दिसते आणि अर्जदाराला ‘वरून उत्तर आलेले नाही’ असे सांगता येते. यात खोटे काहीच नसते. परंतु पत्र पाठवून चार महिने झाले, स्मरणपत्र एकही गेले नाही, आणि जी माहिती मागवली ती याच इमारतीतल्या शेजारच्या शाखेत उपलब्ध होती, असे जेव्हा आढळते तेव्हा त्या गठ्ठ्याचे स्वरूप उघडे पडते. म्हणून प्रत्येक प्रतीक्षाधीन संचिकेवर पुढील स्मरणाची तारीख लिहिलेली आहे का, आणि ती तारीख उलटून गेली आहे का, हे दोन प्रश्न पन्नास सह्यांपेक्षा अधिक काम करतात.

बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम याबाबत स्पष्ट आहे. सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये. तातडीची नस्ती चार दिवसांत निकाली निघावी. अन्य विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर ४५ दिवसांत आणि असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा. हे बंधन एकट्या लिपिकावर नाही. टिप्पणीच्या समासात ‘चर्चा करावी’ असा शेरा मारून नस्ती खाली पाठवणारे वरिष्ठ, चर्चेसाठी आलेल्या लिपिकाला वेळ देत नसतील, तर ते सात दिवस कोणाच्या खात्यावर मोजायचे, हा प्रश्न तपासणी अहवालात क्वचितच विचारला जातो.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांची टंकलेखन गती लागते. टिप्पणी लिहिण्याची परीक्षा मात्र कोणी घेत नाही. ती टेबलावरच शिकायची असते आणि शिकवणारे पर्यवेक्षकच असतात. सदोष टिप्पणी स्वतः पुन्हा लिहून वर पाठवली की त्या दिवसाचे काम भागते, पण पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा समोर येते. प्रकरण काय आहे, नियम कोणता, यापूर्वी असे प्रकरण कसे हाताळले आणि आता आदेश कोणता हवा, हा क्रम लिपिकाकडूनच लिहून घेणे वेळखाऊ असले तरी तेच पर्यवेक्षकाचे काम आहे. रिक्त पदांमुळे एकेका कर्मचाऱ्याकडे दोन-दोन टेबले असताना हे कठीण जाते, आणि ज्याला काम येते त्याच्याच टेबलावर आणखी कागद टाकण्याचा मोह होतो.

माहितीच्या अधिकाराखालील अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, आणि माहिती अधिकाऱ्याने ज्याची मदत मागितली त्यालाही कलम ५(५) नुसार माहिती अधिकारीच समजले जाते. कपाटातला कागद न सापडल्याचा भार त्यामुळे थेट टेबलावर येऊ शकतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयात जो प्रयोग केला, त्यात अभिलेखांची मांडणी आणि बसण्याची रचना यांनाच आरंभी हात घातला होता. कागद मागताक्षणी मिळाला पाहिजे, ही अट पाळली गेली की लिपिकावर ओरडण्याचे निम्मे प्रसंगच टळतात.

वार्षिक गोपनीय अहवालात आता मोघम शेरा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निर्णयानुसार प्रत्येक नोंद, चांगली असो की प्रतिकूल, संबंधित कर्मचाऱ्याला कळवावी लागते. ‘कामात निष्काळजी’ असे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याकडे वर्षभरातील लेखी सूचना नसतील, तर तो शेरा अपिलात टिकणे अवघड.

ई-ऑफिस या संगणकीय नस्ती-प्रणालीत नस्ती कोणाकडे किती दिवस आहे हे पडद्यावर दिसते. मात्र ती तिथे का थांबली, हे जाणून घ्यायला नस्ती उघडून टिप्पणी वाचावीच लागते. लिपिकाची बदली होते तेव्हा तर हे अधिकच जाणवते: प्रभार यादीत संचिकांचे क्रमांक असतात, परंतु कोणत्या अर्जदाराला काय सांगितले आहे, कोणते स्मरणपत्र येत्या सोमवारी काढायचे आहे, हे जुन्या आणि नव्या लिपिकाला समोरासमोर बसवून, दुसरा गठ्ठा एकेक संचिका उघडत, पर्यवेक्षकांनीच लिहून घ्यायचे असते.