लाल-पांढऱ्या किरणचे पुढे काय झाले

(दृश्य : शाळेची कार्यशाळा. विमानाच्या प्रतिकृतीवर पॉलिशपेपर फिरवणारी मुले.)

सातारा शहराजवळच्या एका शाळेच्या कार्यशाळेत सध्या एका विमानाची प्रतिकृती आकाराला येत आहे. मूळ विमानाच्या एक पंचमांश आकाराची, फायबरची ही प्रतिकृती ज्या विमानाची आहे, त्याचे नाव एचजेटी-16 किरण मार्क 2. भारतीय हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ या हवाई कसरतींच्या पथकाने 1996 पासून 2011 पर्यंत जी लाल-पांढरी विमाने उडवली, ती हीच. सांगाडा आणि साचा मुलांनी केला. रंगाचे काम मात्र कोरेगाव तालुक्यातील एका निवृत्त वॉरंट ऑफिसरांच्या देखरेखीखाली चालले आहे. हवाई दलातील आपल्या नोकरीची काही वर्षे त्यांनी बिदरच्या तळावर एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे तंत्रज्ञ, म्हणून काढली. मुले त्यांना काका म्हणतात. विमानाच्या कोणत्याही सुट्या भागाला जशी मोजमापे, नोंदी आणि तपासणी असते, तशीच ती रंगालाही असते, हे समजून घेतल्याशिवाय स्प्रे गन हातात धरायची नाही, असा त्यांचा दंडक आहे.

(दृश्य : काकांकडील जुनी छायाचित्रे. हँगरमध्ये उभी असलेली किरण विमाने.)

किरणची जन्मकथा आपल्या भागापासून फार दूरची नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू गावी जन्मलेले आणि जर्मनीतील गॉटिंगन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्र शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे हे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विमानरचनेचे प्रमुख होते. एचटी-2 हे भारतीय रचनेचे प्रशिक्षण विमान 1951 मध्ये आकाशात झेपावले ते त्यांच्याच नेतृत्वाखाली, आणि त्यानंतर जेट इंजिनावर उडायला शिकवणाऱ्या किरणची आखणीही त्यांच्याच काळात झाली. 4 सप्टेंबर 1964 रोजी किरणने पहिले उड्डाण केले. गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसू शकतील अशी आसनव्यवस्था हे या विमानाचे वैशिष्ट्य होते. पुढे अधिक शक्तीचे ऑर्फियस इंजिन बसवून त्याची मार्क 2 आवृत्ती तयार करण्यात आली, आणि हीच आवृत्ती सूर्यकिरणच्या वाट्याला आली. ज्या विमानाला सारा देश कसरतींसाठी ओळखतो, ते मुळात शिकवण्यासाठी बांधलेले होते, ही गोष्ट या चित्रफितीतील पुढच्या घटनाक्रमाच्या मुळाशी आहे.

(दृश्य : जुना रंग खरवडण्याचे प्रात्यक्षिक. प्लॅस्टिकची पट्टी, हातमोजे, ॲल्युमिनियमचा पत्रा.)

विमान रंगवण्याची सुरुवात रंग उतरवण्यापासून होते. रसायन लावून जुना थर मऊ केला जातो आणि तो खरवडण्यासाठी प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पट्टी वापरली जाते. लोखंडी पाते येथे वर्ज्य असते. विमानाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर शुद्ध ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ संरक्षक थर असतो, आणि लोखंडी पात्याचा एक ओरखडा त्या थरातून आत गेला, तर गंज तेथूनच पत्र्यात शिरतो. पत्रा उघडा पडल्यावर त्यावरचा तेलकटपणा पूर्णपणे काढला जातो. मग त्यावर रासायनिक प्रक्रिया करून वरचा थर पकडून ठेवील असा पृष्ठभाग तयार केला जातो आणि त्यानंतर हिरवट-पिवळ्या रंगाचा प्रायमर, म्हणजे मुख्य रंगाखालचा अस्तराचा थर, येतो. आज पडद्यावर मुले प्रतिकृतीवर जो प्रायमर मारत आहेत, तो बाजारातील साधा असला, तरी त्याची छटा काकांनी आठवणीने जुळवून घेतली आहे.

यानंतरचे काम झाकण्याचे. हवेचा दाब मोजून विमानाचा वेग आणि उंची सांगणाऱ्या ज्या नळ्या आणि बारीक छिद्रे विमानाच्या अंगावर असतात, ती रंगाने बुजू नयेत म्हणून त्यांवर आवरण लावतात, आणि काम संपल्यावर प्रत्येक आवरण मोजून काढल्याची नोंद करतात. ही नोंद केवळ कागदोपत्री शिस्त म्हणून केली जात नाही. 1996 मध्ये पेरू देशात एका प्रवासी विमानाच्या छिद्रांवर धुण्याच्या वेळी लावलेली चिकटपट्टी तशीच राहून गेली, रात्रीच्या अंधारात वैमानिकांना वेग आणि उंची चुकीची दिसत राहिली, आणि ते विमान समुद्रात कोसळून त्यातील सर्व 70 जण मृत्युमुखी पडले.

रंगाला वजन असते, हे या कार्यशाळेतील मुलांना सर्वांत नवलाचे वाटले. पंखांच्या मागच्या कडेला आणि शेपटीला असलेले हलते भाग, म्हणजे एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर, आपापल्या बिजागरीभोवती काटेकोर तोललेले असतात. त्यांवर रंगाचा एखादा जादा हात बसला, तर तोल ढळतो आणि वेगात असताना तो भाग थरथरू लागतो. थरथर वाढत गेली, तर तो भाग तुटूनही पडू शकतो. म्हणून रंगकामानंतर हे भाग पुन्हा तोलून पाहतात आणि गरज भासल्यास वजने बदलतात. जुन्या रंगावरच नवा रंग चढवत न जाता तो आधी उतरवण्यामागेही हेच कारण आहे. शेवटी स्टेन्सिल, म्हणजे साच्याने उमटवलेल्या खुणा आणि मजकूर, येतात: इजेक्शन सीटची, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनाची, धोक्याची सूचना देणारा त्रिकोण, अपघात झाल्यास छत बाहेरून कसे उघडायचे हे सांगणारा मजकूर, पाय कोठे ठेवायचा आणि कोठे नाही याच्या खुणा, आणि तिरंगी वर्तुळ. वैमानिकाच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप परावर्तित होऊ नये म्हणून काचेच्या पुढचा भाग काळा व बिनचमकीचा ठेवतात. लाल-पांढऱ्या विमानावर हा काळा पट्टा का, असे ज्यांना वाटले असेल, त्यांच्यासाठी हे सांगितले.

(दृश्य : हवाई कसरतींचे चित्रण. नऊ विमानांची रचना, मागे पांढरा धूर.)

लढाऊ विमान रंगवतात ते लपावे म्हणून. हे विमान रंगवले होते ते दिसावे म्हणून. निळ्या आकाशात लाल आणि पांढरा हे दोन्ही रंग उठून दिसतात, आणि विमान कूस बदलते तेव्हा वरची आणि खालची बाजू जमिनीवरच्या प्रेक्षकाला वेगवेगळी ओळखता येते. सूर्यकिरणची नऊ विमाने एकमेकांपासून अवघ्या काही मीटरांवर उडत. अशा वेळी बाजूच्या विमानातील वैमानिकाची नजर पुढच्या विमानाच्या अंगावरील ठरावीक खुणांवर खिळलेली असते, आणि त्या खुणा एका रेषेत आहेत की नाहीत, यावर तो आपले स्थान राखतो. मागे सुटणारा धूर इंजिनाच्या तप्त झोतात डिझेल सोडून तयार होतो, आणि त्यामुळे शेपटीकडचा भाग तेलकट काजळीने माखतो. प्रेक्षक पांगले की जमिनीवरच्या तंत्रज्ञांचे पुसण्या-धुण्याचे काम सुरू होई. त्या तंत्रज्ञांचे चित्रण कोठेच फारसे आढळत नाही. काकांच्या छायाचित्रांत मात्र ते आहेत, आणि म्हणून येथे ती छायाचित्रे जरा जास्त वेळ दाखवली आहेत.

सूर्यकिरणच्या आधी हा मान ‘थंडरबोल्ट्स’चा होता. हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 1982 मध्ये 20 क्रमांकाच्या स्क्वाड्रनने, म्हणजे विमानांच्या तुकडीने, निळ्या-पांढऱ्या रंगात सजवलेली हंटर लढाऊ विमाने कसरतींसाठी उभी केली होती. ते पथक त्या दशकाअखेर थांबले. 1996 मध्ये बिदर येथे सूर्यकिरणची स्थापना झाली, पुढे 52 क्रमांकाच्या स्क्वाड्रनची ओळख या पथकाला मिळाली, आणि ‘सदैव सर्वोत्तम’ हे ब्रीद घेऊन ते देशभर आणि देशाबाहेरही गेले. 2001 मध्ये श्रीलंकेत आणि 2008 मध्ये चीनमधील झुहाई येथे याच किरण विमानांनी कसरती केल्या. 2006 आणि 2009 मध्ये बिदर परिसरात झालेल्या अपघातांत या पथकाने तीन वैमानिक गमावले.

(दृश्य : सातारा सैनिक शाळेचे प्रवेशद्वार.)

23 जून 1961 रोजी सुरू झालेली सातारची सैनिक शाळा ही देशातील पहिली सैनिक शाळा. सातारा म्हटले की लोकांना पायदळ आणि मराठा लाइट इन्फंट्री आठवते, आणि अपशिंग्यासारख्या, घरोघरी सैनिक असलेल्या गावांमुळे ते योग्यही आहे. परंतु हवाई दलाच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचलेले एअर चीफ मार्शल प्रदीप वसंत नाईक हे याच शाळेचे विद्यार्थी, ही गोष्ट तितक्या अभिमानाने सांगितली जात नाही. मे 2009 ते जुलै 2011 या त्यांच्या कारकिर्दीतच लाल-पांढऱ्या किरणचे भवितव्य ठरले. नवशिक्या वैमानिकांना पहिले धडे देणाऱ्या एचपीटी-32 दीपक या विमानाला 31 जुलै 2009 रोजी अपघात होऊन दोन प्रशिक्षकांचा मृत्यू झाला. त्या विमानांच्या इंजिनात पूर्वीपासून अडचणी येत असल्याने सगळा ताफाच जमिनीवर उतरवण्यात आला. नव्या मुलांना शिकवायचे कशावर, हा प्रश्न उभा राहिला आणि पायरी वगळून त्यांना थेट किरणवर घेण्याची वेळ आली. शिकवण्यासाठी प्रत्येक किरण हवे होते. फेब्रुवारी 2011 मध्ये बंगळुरूजवळच्या येलहंका तळावरील एअरो इंडिया या विमान प्रदर्शनात सूर्यकिरणने किरण विमानांवरच्या आपल्या शेवटच्या कसरती केल्या, पथकाचे काम स्थगित झाले आणि विमाने प्रशिक्षणाच्या कामाला लावण्यात आली.

या निर्णयाचे दुःख कसरतींच्या चाहत्यांना झाले असले, तरी तो निर्णय योग्य होता. पथकातील वैमानिक हे स्वतः उड्डाणाचे प्रशिक्षक होते, विमान प्रशिक्षणाचे होते, आणि तातडीची गरजही प्रशिक्षणाचीच होती. स्वित्झर्लंडची पिलाटस पीसी-7 विमाने 2013 मध्ये दाखल झाल्यावर टंचाई संपली. सूर्यकिरण पथक 2015 मध्ये पुन्हा उभे राहिले ते हॉक मार्क 132 या प्रशिक्षण जेट विमानांवर, आणि रंग पुन्हा लाल-पांढराच निवडला गेला. किरणकडे ते काम परत आले नाही.

(दृश्य : रस्त्याच्या कडेला चौथऱ्यावर उभे असलेले एक जुने विमान. जवळून घेतलेले पापुद्रे सुटलेल्या रंगाचे चित्रण.)

सेवेतून बाहेर पडलेल्या लष्करी विमानापुढे मोजकेच मार्ग असतात. काहींचे सुटे भाग काढून ते उडत्या विमानांना वापरले जातात, काही विमाने तंत्रज्ञांच्या शिकवणीसाठी जमिनीवर ठेवली जातात, काही भंगारात निघतात, आणि काही थोडी संस्थांना किंवा शहरांना प्रदर्शनासाठी मिळतात. पडद्यावर दिसणारे विमान शेवटच्या, म्हणजे सर्वांत भाग्यवान गटातले आहे, आणि तरी त्याची अवस्था पाहा. उन्हाने रंगाचा वरचा थर खडूसारखा भुकटीत निघतो आहे. काचेसारख्या दिसणाऱ्या ॲक्रिलिकच्या छतावर बारीक भेगांचे जाळे पसरले आहे. पाणी निचरा होण्याची छिद्रे मातीने बुजली असून हवा आत घेण्याच्या तोंडात साळुंक्यांची घरटी आहेत, आणि त्यांतील काडीकचरा ओल धरून पत्रा आतून खातो आहे. आपल्या सातारा-सांगली भागात यात आणखी एक भर पडते: गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काजळी पंखांवर साचते आणि पहिल्या वळवाबरोबर सांध्यांत मुरते. त्यावर उपाय म्हणून एखाद्या राष्ट्रीय सणाच्या आदल्या दिवशी दुकानातला तैलरंग फासला जातो. तिरंगी वर्तुळाचा क्रम चुकतो, स्टेन्सिल बुजतात, विमानाचा क्रमांक नाहीसा होतो, आणि त्या क्रमांकासोबत ते विमान नेमके कोणते होते, हे सांगणारा शेवटचा पुरावाही जातो. विमान जपायचे म्हणजे त्याचा रंगही नोंदीसह जपायचा, एवढ्यासाठी ही चित्रफीत केली आहे.

(दृश्य : कार्यशाळा. लाल रंगाचा पहिला हात.)

काका आणि माजी सैनिकांचे त्यांचे मंडळ एक निवृत्त किरण मार्क 2 सातारा जिल्ह्यात यावे, यासाठी अर्ज करणार आहेत. विमान सूर्यकिरणचेच असावे अशी त्यांची इच्छा आहे. पण साधे प्रशिक्षण विमान मिळाले, तर त्याला लाल-पांढरा रंग देऊन खोटी ओळख चिकटवायची नाही, हेही त्यांनी ठरवले आहे. जे विमान येईल, त्याच्या अंगावरच्या प्रत्येक खुणेचे आधी छायाचित्र घ्यायचे, थराची जाडी मोजून ठेवायची, क्रमांक आणि स्टेन्सिल यांची बटरपेपरवर नक्कल उतरवायची, आणि त्यानंतरच धुण्याला हात लावायचा, असा क्रम मुलांनी वहीत लिहून काढला आहे. टायरांवर भार राहू नये म्हणून विमान लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, उभे केले जाईल. चौथरा उघड्यावर असणार नाही. किरणच्या पंखांचा विस्तार सुमारे 10.7 मीटर असल्याने छताच्या आराखड्यात मधला खांब काढून टाकण्यात आला आहे, आणि पश्चिमेकडून येणारा पावसाचा मारा अडवण्यासाठी त्या बाजूला पूर्ण उंचीची भिंत धरली आहे.