समीकरणाला जोडी ठाऊक असते

नमस्कार श्रोतेहो. वर्गसमीकरणाची मुळे, म्हणजे ते समीकरण खरे ठरवणाऱ्या एक्सच्या किमती, आणि त्याचे सहगुणक, म्हणजे त्याच्या पदांतल्या ठरलेल्या संख्या, यांच्यातील नाते हा आजच्या भाषणाचा विषय आहे. दहावीच्या पाठ्यपुस्तकात हे नाते दोन ओळींच्या सूत्रात दिलेले असते, परीक्षेपुरते पाठ केले जाते आणि मग विसरले जाते. या प्रकरणातल्या इतर सगळ्या पद्धती ज्यावर उभ्या आहेत, ते या दोन ओळींत आहे असे मला मनापासून वाटते. कागद आणि पेन्सिल हाताशी असल्यास जरूर घ्यावी, म्हणजे मी सांगतो ते आकडे आपल्याला मांडून पाहता येतील.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातील ग्रंथात वानरांचे एक उदाहरण आहे. वानरांच्या कळपाचा पाचवा भाग घ्यावा, त्यातून तीन वजा करावेत आणि उरलेल्या संख्येचा वर्ग करावा. तेवढे वानर गुहेत गेले आणि एक फांदीवर चढलेला दिसतो, तर कळपात एकूण वानर किती? कळपाची संख्या एक्स मानून हे मांडले आणि सोडवत आणले, की समीकरण मिळते : एक्सचा वर्ग, वजा ५५ एक्स, अधिक २५०, बरोबर शून्य. त्याची मुळे ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, साताचा वर्ग ४९, आणि फांदीवरचा एक धरून ५०. पाच हे उत्तर घेतले तर पाचवा भाग एक येतो, त्यातून तीन वजा केले की उणे दोन येतात, त्यांचा वर्ग चार, आणि फांदीवरचा एक धरून पाच. हिशेब तोही जुळतो. परंतु उणे दोन वानर ही गोष्ट लोकांना पटणारी नाही, म्हणून भास्कराचार्य पाच हे उत्तर बाजूला ठेवतात. वानरांच्या बाबतीत त्यांचा हा निर्णय योग्यच आहे.

समीकरणाने मात्र दोन्ही मुळे सारख्याच मानाने सांभाळलेली आहेत. ५० आणि ५ यांची बेरीज ५५, आणि त्यांचा गुणाकार २५०. मधल्या पदात बेरीज आहे, तीही चिन्ह बदलून, आणि शेवटच्या पदात गुणाकार आहे. हे असे का होते, ते पाहण्यासाठी समीकरण सोडवण्याऐवजी ते रचून पाहावे. ज्याची मुळे अल्फा आणि बीटा आहेत असे समीकरण हवे असेल, तर ‘एक्स वजा अल्फा’ आणि ‘एक्स वजा बीटा’ या दोन कंसांचा गुणाकार शून्याबरोबर मांडायचा. कंस सोडवले की प्रथम एक्सचा वर्ग मिळतो. मग एकदा वजा अल्फा एक्स आणि एकदा वजा बीटा एक्स, म्हणजे एकत्र वजा ‘अल्फा अधिक बीटा’ गुणिले एक्स. आणि शेवटी वजा गुणिले वजा अधिक या न्यायाने अल्फा गुणिले बीटा. यापलीकडे त्यात काहीही लपलेले नाही. बेरजेचे चिन्ह बदलते आणि गुणाकाराचे बदलत नाही, याचे कारणही येथेच दिसते.

एक्सच्या वर्गाचा सहगुणक एक नसेल, तर आधी सर्व पदांना त्याने भागावे. दोन एक्स वर्ग, वजा सात एक्स, अधिक तीन, बरोबर शून्य हे समीकरण घ्या. दोनाने भागल्यावर मुळांची बेरीज साडेतीन आणि गुणाकार दीड हवा, हे सोडवण्यापूर्वीच कळते. आणि मुळे आहेत तीन व अर्धा. एक्सच्या वर्गाचा सहगुणक ए, एक्सचा बी आणि शेवटचे पद सी मानले, तर सूत्रातले ‘वजा बी भागिले ए’ आणि ‘सी भागिले ए’ ते हेच.

आठवीपासून आपण अवयव पाडताना ‘बेरीज पाच आणि गुणाकार सहा असलेल्या दोन संख्या शोधा’ असे म्हणत आलो, तेव्हा हेच नाते वापरत होतो. मात्र एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा यात सापडलेल्या दोन आणि तीन या संख्या कंसात बसतात. मुळे आहेत उणे दोन आणि उणे तीन. या ठिकाणी अनेक विद्यार्थ्यांचे गुण जातात, आणि मुळांची बेरीज उणे पाच यायला हवी एवढे तपासले तरी ते वाचतात.

आता मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. अल्फा आणि बीटा यांची अदलाबदल केली तरी त्यांची बेरीज बदलत नाही, आणि गुणाकारही बदलत नाही. म्हणजे सहगुणकांना मुळांची जोडी ठाऊक असते. त्यांतले पहिले कोणते आणि दुसरे कोणते, हे त्यांना ठाऊक नसते. म्हणूनच जी राशी अशा अदलाबदलीने बदलत नाही, ती समीकरण न सोडवताही काढता येते. वानरांच्या समीकरणात मुळांच्या वर्गांची बेरीज हवी असेल, तर ५५ च्या वर्गातून, म्हणजे ३०२५ मधून, २५० ची दुप्पट वजा करा, २५२५ येतात. पन्नासाचा वर्ग २५०० आणि पाचाचा २५, हे आपण ताडून पाहू शकता.

मुळे वेगवेगळी करायची झाली, तर त्यांच्यातला फरक हवा. आणि अदलाबदल केली की फरकाचे चिन्ह उलटते. त्यामुळे सहगुणकांतून थेट फरक मिळत नाही, फरकाचा वर्ग मिळतो : ३०२५ मधून २५० ची चौपट, म्हणजे १०००, वजा केले की २०२५. ज्याला आपण विवेचक म्हणतो, तो हाच. एक्सच्या वर्गाचा सहगुणक एक असताना विवेचक म्हणजे मुळांच्या फरकाचा वर्ग. तो शून्य आला तर फरकच नाही, म्हणून मुळे समान. तो ऋण आला तर कोणत्याही वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसल्यामुळे मुळे वास्तव नाहीत. येथे २०२५ चे वर्गमूळ अधिक ४५ किंवा उणे ४५. बेरीज ५५ आणि फरक ४५, त्यांची बेरीज करून निम्मे केले की ५०, वजाबाकी करून निम्मे केले की पाच. वर्गसमीकरण सोडवण्याच्या सूत्रातले वर्गमूळ आणि त्यामागचे ‘अधिक-वजा’ हे चिन्ह कोठून येते, हे विद्यार्थ्याला सूत्र देण्यापूर्वी दाखवले पाहिजे, असा माझा आग्रह आहे.

बेरीज आणि गुणाकार दिला असता दोन संख्या शोधण्याची ही रीत फार जुनी आहे. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मातीच्या विटांवर आयताच्या लांबी-रुंदीची अशी उदाहरणे कोरलेली सापडतात. सहगुणकांशी तिचा सांधा जोडला तो फ्रान्समधील फ्रान्स्वा व्हिएत यांनी. व्यवसायाने वकील असलेल्या आणि राजा चौथा हेन्री याच्यासाठी स्पेनचे सांकेतिक खलिते उलगडणाऱ्या या गणितज्ञाचे १६०३ मध्ये निधन झाले, आणि हे नाते मांडणारा समीकरणांवरील त्यांचा ग्रंथ १६१५ मध्ये छापला गेला. ते फक्त धन मुळे मानत असत. आल्बेर जिरार यांनी १६२९ मध्ये ऋण आणि काल्पनिक, म्हणजे ऋण संख्येच्या वर्गमुळातून येणाऱ्या, मुळांनाही मोजणीत घेतले, आणि तेव्हा हे नाते प्रत्येक समीकरणाला लागू झाले. एखादे मूळ प्रश्नाच्या दृष्टीने निरुपयोगी असले तरी बेरजेतून ते वगळता येत नाही. वानरांच्या समीकरणातले ५५ हे पाच धरल्याशिवाय पुरे होत नाहीत.

घन समीकरणातही हाच क्रम चालतो. एक, दोन आणि तीन ही मुळे घेऊन तीन कंसांचा गुणाकार केला, तर एक्सचा घन, वजा सहा एक्स वर्ग, अधिक ११ एक्स, वजा सहा असे मिळते. पहिले सहा ही तिन्ही मुळांची बेरीज, शेवटचे सहा हा तिन्हींचा गुणाकार, आणि मधले ११ हे दोन-दोन मुळांच्या गुणाकारांची बेरीज : एक दुणे दोन, एक त्रिक तीन, आणि दोन त्रिक सहा.