अंगठा उमटत नाही तेव्हा

(दृश्य: आयुष्मान कार्ड काढून देणाऱ्या सेवा केंद्रातलं टेबल. काळ्या यंत्रावर ठेवलेला एक म्हातारा अंगठा.)

"पुन्हा ठेवा आजी. जरा दाबून."

आजी अंगठा पदराला पुसतात, पुन्हा ठेवतात. दिवा लागतो, विझतो. मग तर्जनी. मग डावा हात. पन्नास वर्षं खुरपं धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत, यंत्राला त्या सापडत नाहीत. आजींचा चेहरा उतरतो, जणू चूक त्यांचीच आहे.

शेवटी टेबलामागचा मुलगा मोबाइल उचलतो. "आता माझ्याकडे बघा. हलू नका. डोळे मिचकवा बघू." आजी डोळे मिचकावतात आणि स्क्रीनवर हिरवी खूण येते. चेहऱ्यावरून ओळख पटली.

ही सोय आहे हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी म्हातारी माणसं "ठसे लागत नाहीत" एवढं ऐकून घरी परत जातात. तुमच्या घरातलं कुणी असं परत आलं असेल, तर त्यांना पुन्हा घेऊन जा. आयुष्मान अ‍ॅपमध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवता येते, आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीनेही काम होतं.

(दृश्य: प्रिंटरमधून बाहेर येणारं कार्ड. आजी ते दोन्ही हातांनी धरतात.)

हे आहे आयुष्मान वय वंदना कार्ड. रुग्णालयातल्या मोफत उपचारांची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाली, ती गरीब कुटुंबांसाठी. 29 ऑक्टोबर 2024 पासून तिचं दार सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी उघडलं. इथे उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. पेन्शन किती, शेती किती, मुलगा काय करतो, काही विचारत नाहीत. वय सत्तर पूर्ण असलं पाहिजे आणि ते आधार कार्डावर दिसलं पाहिजे, बस.

पण त्या "दिसलं पाहिजे" मध्येच अनेकांचं अडतं. जन्माची नोंद नसलेल्या पिढीची तारीख आधार काढताना कुणीतरी अंदाजाने टाकलेली असते. खरं वय चौऱ्याहत्तर, कार्डावर अडुसष्ट. दुरुस्ती करता येते, पण जन्मतारीख बदलण्याची मुभा साधारणपणे एकदाच मिळते. म्हणून पुरावा हातात असल्याशिवाय घाईने अर्ज टाकू नका. जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालणारी कागदपत्रं आधी शोधा.

(दृश्य: अंगणात बसलेलं वृद्ध जोडपं.)

कार्डावर वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. आजोबा आणि आजी दोघंही सत्तरीपुढचे असतील तर पाच लाख दोघांत मिळून. कार्ड मात्र प्रत्येकाचं वेगळं काढायचं. कुटुंब आधीपासून आयुष्मान योजनेत असेल, तर ज्येष्ठांना हे पाच लाख जादा मिळतात, घरातल्या तरुणांच्या वाट्यात ते मिसळत नाहीत. आणि रक्तदाब, साखर, हृदयाचा जुना त्रास, काहीही आधीपासून असलं तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण. खाजगी विम्यात "दोन वर्षं थांबा, तीन वर्षं थांबा" हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना याची किंमत कळेल.

आता मी माझ्या घरातली गोष्ट सांगतो.

माझी आत्या न्हाणीघरात पडली. खुबा मोडला. वय पंचाहत्तर. रात्री साडेअकराला आम्ही तिला एका खाजगी रुग्णालयात नेलं. खिडकीवर विचारलं, डिपॉझिट भरता का? आम्ही भरलं. घाबरलेला माणूस भरतोच. ऑपरेशन झालं, नीट झालं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, "तुमचं योजनेत नाही का बसवलं?" आत्याचं कार्ड निघालेलं होतं. घरी ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली. ते रुग्णालय योजनेच्या यादीतही होतं. पण आम्ही पैसे भरणारे रुग्ण म्हणून दाखल झालो होतो. ही योजना कॅशलेस आहे. स्वतः पैसे भरायचे आणि मागाहून परत मिळवायचे, असा रस्ता तिच्यात नाही.

ती रात्र माझ्या मनातून जात नाही. कुणी फसवलं नव्हतं. आम्हीच विचारलं नव्हतं.

(दृश्य: रुग्णालयाच्या दारातला मदत कक्ष.)

म्हणून आता मी भेटेल त्याला सांगतो. रुग्णालयात शिरल्यावर पैशाच्या खिडकीकडे जाण्याआधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, कुठे बसतात ते विचारा. महाराष्ट्रात योजनेतल्या रुग्णालयांमध्ये त्यांचा मदत कक्ष असतो. कार्ड आणि आधार त्यांच्याकडे द्या. ते ओळख तपासतात, डॉक्टरांची कागदपत्रं लावतात आणि रुग्णालय उपचारासाठी मंजुरी मागतं. रुग्ण तातडीचा असेल तर मंजुरीसाठी कुणाला दारात ताटकळत ठेवायचं नसतं, उपचार सुरू करून कागद मागून लावतात. पण "आम्ही योजनेतून उपचार घेणार आहोत" हे वाक्य पहिल्या तासात, तुमच्या तोंडून, स्पष्टपणे गेलं पाहिजे.

आणखी एक बारीक गोष्ट. रुग्णालयाचं नाव यादीत आहे एवढ्यावर निघू नका. एखादं रुग्णालय हाडांच्या उपचारांसाठी योजनेत असतं, हृदयासाठी नसतं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल तर आधी 14555 या योजनेच्या मदत क्रमांकावर फोन करा. नंबर मोफत आहे. आजाराचं नाव सांगा, जवळचं रुग्णालय विचारा, उत्तर कागदावर लिहून घ्या.

मंजूर झालेल्या उपचाराचं पॅकेज असतं. त्यात खाट, डॉक्टर, ऑपरेशन, औषधं, रुग्णाचं जेवण, आयसीयू लागलं तर तेही येतं. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, त्या आजाराच्या तपासण्या आणि औषधंही त्यातच धरलेली असतात. हे शेवटचे पंधरा दिवस लोक मागतच नाहीत. डिस्चार्जचा कागद हातात आला की निघतात आणि बाहेरच्या दुकानातून गोळ्या विकत घेतात. निघण्याआधी विचारा, लाजू नका. मंजूर पॅकेजवर वरून पैसे मागितले तर पावती मागा, 14555 वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या.

(दृश्य: गोळ्यांचा डबा. सकाळ, दुपार, रात्र.)

काय मिळत नाही, हेही सांगायला हवं. रोजच्या गोळ्या नाहीत. ओपीडीची फी नाही. दाखल न होता केलेल्या तपासण्या नाहीत. आणि म्हातारपणातला खर्च बराचसा तिथेच असतो, हे मला माहीत आहे. त्यासाठी सरकारी दवाखाना आणि जनऔषधी केंद्र हेच आधार.

याच कारणासाठी केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना एक विनंती. सीजीएचएस या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसमध्ये असाल तर तुम्हाला ती योजना किंवा हे कार्ड, यांपैकी एकच निवडावं लागतं. तिथे मिळणारी दरमहाची औषधं सोडून इकडे येण्याआधी घरात बसून हिशोब करा. खाजगी मेडिक्लेम असणाऱ्यांना ही अडचण नाही. तो ठेवूनही हे कार्ड काढता येतं.

आणि ज्यांची सत्तरी अजून यायची आहे त्यांनी रेशनकार्ड बाहेर काढा. महाराष्ट्र सरकारच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पिवळं, केशरी, पांढरं, तिन्ही शिधापत्रिकांची कुटुंबं येतात. तिचा मदत क्रमांक 155388.

(दृश्य: आजींचं घर. दाराच्या मागच्या खिळ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी.)

आजींनी कार्ड ट्रंकेत ठेवलं नाही. नातवाने एका पिशवीत कार्ड, आधारची प्रत, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि जुना ईसीजी घातला. पिशवीवर जाड पेनने 14555 लिहिलं आणि ती दाराच्या खिळ्याला अडकवली. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली. नातू नोकरीला शहरात असतो, रात्री धावत येणार त्या काकूच.

काकूंनी पिशवी हातात घेऊन पाहिली. मग हळूच विचारलं, "माझंही निघेल का रे? माझे पण ठसे लागत नाहीत."