खिडकी कुठे उघडते ते आधी विचारा

नमस्कार मंडळी. आज जरा लांब जाऊया, सांतो दोमिंगोला. डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी, कॅरिबियन समुद्राच्या काठी. बीचवाले मोठे रिसॉर्ट तिकडे पुंता कानाला, त्यांच्याबद्दल आज बोलत नाहीये. आज फक्त जुनं शहर, सोना कोलोनियाल, आणि तिथं राहायला खोली कशी निवडायची. सोना म्हणजे झोन हो, सोनंबिनं काही नाही.

हे शहर 1496 मध्ये कोलंबसच्या भावानं, बार्तोलोमेनं, ओसामा नदीच्या पूर्वेला वसवलं, मग 1502 च्या वादळात त्याची वाट लागली आणि नवीन गव्हर्नर निकोलास दे ओवांदोनं ते उचलून पश्चिम काठावर आणलं. त्या ओवांदोचं दगडी घर लास दामास रस्त्यावर अजून उभं आहे आणि त्यात आज हॉटेल आहे! हाच तो माणूस ज्यानं कोलंबसला वादळापूर्वी बंदरात येऊ दिलं नाही आणि ज्याच्या हुकमानं तिथल्या मूळच्या ताइनो लोकांची राणी आनाकाओना फासावर गेली. त्याच्या घरात पैसे मोजून झोपायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, गल्ली मात्र शांत आहे हे खरं.

आता माझं ऐका. नणंद न्यू जर्सीला असते, तिच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा फोटो बघून खोली घेतली, बाल्कनी, लाकडी कठडा, खाली दगडी गल्ली, अगदी चित्रासारखं. आणि बाल्कनीच्या बरोब्बर समोर कोल्मादो. कोल्मादो म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान, पण संध्याकाळ झाली की बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या येतात, थंड बिअर येते, स्पीकरवर बाचाता सुरू होतं आणि चार काका डॉमिनो खेळायला बसतात. त्या सोंगट्या टेबलावर ठेवत नाहीत हो, आपटतात! त्यात शनिवार. रात्री दीडला नणंद म्हणाली, वहिनी, आपण पण खाली जाऊन बसूया का, झोप तर येतच नाहीये. गेलो पण.

दुसऱ्या दिवशी पातिओकडची खोली मागितली. ही जुनी घरं आपल्या वाड्यांसारखीच, मधे चौक आणि भोवती खोल्या, त्या चौकाला पातिओ म्हणतात. भिंती इतक्या जाड की दुपारी पण बरं वाटतं. तोटा एकच, सकाळी साडेसहाला तिथंच नाश्त्याच्या बशा वाजायला लागतात. मला बशा चालतात, डॉमिनो नाही.

पण एक सांभाळा, काही खोल्यांना खिडकीच नसते. 1990 पासून हा सगळा भाग युनेस्कोच्या यादीत आहे, जुन्या भिंतीला मनात आलं म्हणून भोक पाडता येत नाही, मग आतल्या खोल्या तशाच अंधाऱ्या राहतात आणि पावसाळी हवेत कुबट वास मारतात. फोटोत दिवे लावलेले असतात, कळत नाही.

लाइट जाते का? जाते. म्हणून जनरेटर आहे का एवढंच विचारू नका, खोलीतला एसी त्याच्यावर चालतो का ते विचारा, नाहीतर लॉबीत दोन बल्ब लागतात आणि वर आपण पंख्याकडे बघत बसतो. लिफ्ट बऱ्याच ठिकाणी नसते. नळाचं पाणी प्यायचं नाही, बाटलीचंच. आणि भाड्याचा आकडा बघून खूश होऊ नका, त्यावर 18 टक्के कर आणि 10 टक्के सर्व्हिस लागते, म्हणजे शंभर डॉलरची खोली 128 ला पडते. आकडा कर धरून आहे का ते आधी बघून घ्या.

आईवडील बरोबर असतील, गुडघ्यांची तक्रार असेल तर सरळ मालेकोनवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर राहा. मोठी हॉटेलं, लिफ्ट, पूल, सगळं. मला स्वतःला तिथं करमत नाही, कारण जुन्या शहरात राहिलं की कॅथेड्रल, ओसामाचा किल्ला, कोलंबसच्या मुलाचा वाडा हे सगळं पायी होतं आणि मालेकोनवरून दर वेळी टॅक्सी. आणि समुद्र दिसतो म्हणून पोहायला मिळेल असं समजू नका, तिथं खडक आहेत, पोहायचं तर बोका चिका, 30 एक किलोमीटरवर.

परत जायचं ठरलं तेव्हा मी तीन हॉटेलांना एकच प्रश्न मेल केला, खोलीची खिडकी कुठे उघडते? एकानं उत्तरच दिलं नाही, दुसऱ्यानं लॉबीचा फोटो पाठवला. तिसऱ्या, अगदी छोट्या हॉटेलातल्या बाईंनी एक अक्षर न लिहिता खिडकीतून काढलेला फोटो पाठवला, आंब्याचं झाड, दोरीवर दोन चादरी आणि भिंतीवर झोपलेलं मांजर. मी तिथंच बुक केलं.